इथं की तिथं?

बदली माणसाचे खरे यश कशात, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, तो बदली आहे हे कोणाच्या ध्यानात न येण्यात. पण असा योग आयुष्यात फार क्वचित येतो. शाळेत बदली मास्तर आले की पोरे पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे पाणी जोखतात. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले की आपला खोकला आपल्याला पहिल्यापासून सांगावा लागतो. भांडी घासणाऱ्या बाईने आपल्या बहिणीला पाठवले तर ती बिचारी दर दोन मिनिटांनी विचारते, "ही परात कुठं ठेवू?" काम होत नाही असे नाही. पण माणूस बदलला आहे, हे पावलोपावली कळत राहते.

आमचे चिरंजीव पोटासाठी जो उद्योग करतात तो नेमका हाच. बदली आलेला कोणाला कळू नये याची तजवीज करणे. फक्त त्यांचे बदली म्हणजे माणसे नव्हेत, यंत्रे. नवी मुंबईतल्या एका कंपनीत ते डेटाबेस सांभाळतात. डेटाबेस म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीची बरीच वर्षे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गेली. जाडजूड खतावण्या मी हाताने लिहिल्या, आणि पुढे त्या खतावण्या कपाटातून उठून दूर मुंबईकडच्या यंत्रांत जाऊन बसल्या तेही पाहिले. तेव्हा चिरंजीव बापाच्याच धंद्यात आहेत असे मी समजतो. वही तेवढी बदलली.

गेल्या दिवाळीत ते घरी आले होते. फराळ करता करता मी विचारले, "काय रे, एखादं यंत्र बंद पडलं तर तुम्ही करता काय?"

"बाबा, बंद पडणारच असं धरूनच चालायचं," ते म्हणाले. "वही एक आणि ती लिहिणारी यंत्रं चार, अशी मांडणी करायची. एक गेलं की त्याच्याशी बोलणारी माणसं दुसऱ्याकडे आपोआप वळवायची. पलीकडे बसलेल्याला कळताही कामा नये."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "हे तर आमच्या चंद्रपूरच्या विजेच्या तारासुद्धा करतात."

आमच्या चंद्रपुराहून मुंबईजवळच्या पडघ्याला विजेची एक मोठी वाहिनी जाते. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॉट. ही १९९९ साली सुरू झाली. तिचे दोन ध्रुव आहेत. एक काही कारणाने बंद पडला तर दुसरा जमिनीतून परतीची वाट धरून निम्मा भार वाहत राहू शकतो. इकडे ताडोबाच्या बाजूला वळवाच्या पावसात विजा कडाडत असतात, आणि तिकडे दादरच्या घरात बसलेल्या गृहिणीला एक ध्रुव गेला हे कळतही नाही.

चिरंजीव हसले. "बाबा, दिव्याला आठवण नसते. मघाची वीज कुठल्या तारेतून आली याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आमच्याकडे जो येतो तो बोलता बोलता येतो. अर्धं वाक्य बोलून झालेलं असतं आणि ऐकणारा मरतो. उरलेलं अर्धं कोणाला सांगायचं?"

हे ऐकून मी हातातला चकलीचा तुकडा खाली ठेवला. इतकी वर्षे काउंटरमागे काढून जे मला धडपणे सांगता आले नव्हते ते या मुलाने दोन वाक्यांत सांगितले होते.

वाचकांपैकी अनेकांना वाटेल की हे सगळे प्रकरण आजकालचे आहे. तसे मुळीच नाही. यंत्रांच्या अशा घोळक्याला क्लस्टर म्हणतात. डिजिटल नावाच्या अमेरिकन कंपनीने आपली व्हॅक्स यंत्रे या रीतीने जोडण्याची सोय १९८३ साली बाजारात आणली. आपल्या रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले, ते याच कंपनीच्या यंत्रांवर वाढले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली, आणि १९९९ पर्यंत ती एकमेकांशी जोडली गेली. बल्लारशाहच्या खिडकीवर उभे राहून दूरच्या कुठल्याही मुलखातल्या गाडीचे तिकीट मागता येऊ लागले ते तेव्हापासून. बल्लारशाह म्हणजे आमचे मोठे जंक्शन. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचा तिथे सदा राबता.

आता त्या खिडकीवरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. बाबूने नाव, वय, गाडीचा नंबर घातला. दूरच्या केंद्रातल्या यंत्राने बर्थ राखून ठेवला. तिकीट छापायचे तेवढे राहिले, आणि तेवढ्यात ते यंत्र बसले. बर्थ गेला की राहिला? गेला म्हणावे तर तिकीट कोणाच्याच हाती नाही. बर्थ रिकामा धावणार. राहिला म्हणून दुसऱ्याला विकावा, आणि तो आधीच नोंदलेला निघावा, तर एका बर्थवर दोन कुटुंबे आपापल्या वळकट्या घेऊन भांडायला उभी! दिव्याचे आणि वहीचे हेच अंतर आहे. दिवा पुन्हा लागला की संपले. वहीला मात्र आधी काय झाले ते आठवावे लागते.

मग ही यंत्रे आठवतात कशी? चिरंजीवांनी मला सांगितलेली रीत ऐकून मला तर गहिवरून आले. ती आपल्या पेढीवरच्या दिवाणजींचीच रीत आहे: आधी रोजकीर्द, मग खतावणी. व्यवहार झाला की तो पहिल्याने रोजकीर्दीत उतरवायचा, खात्यावर सवडीने चढवायचा. यंत्रही तसेच करते. रोजकीर्द पक्की लिहून झाल्याशिवाय ते "झाले" असा शब्द तोंडातून काढत नाही. ही कीर्द सर्वांना हाताशी येईल अशा जागी असते. एक यंत्र मेले की उरलेल्यांपैकी एक जण त्याची कीर्द उघडतो. पुऱ्या झालेल्या नोंदी खात्यावर चढवतो आणि अर्धवट राहिलेल्या खोडून टाकतो. मग दुकान पुन्हा उघडते. बहुतेक वेळा हे सगळे आपण चहाचा पेला संपवण्याच्या आत होते.

यात एक मोठी मेख आहे. मेला म्हणजे खरोखर मेला, हे ठरवायचे कोणी? ही यंत्रे एकमेकांची नाडी सारखी पाहत असतात. पण नाडी लागली नाही म्हणजे माणूस गेलाच असे नव्हे. मधली तारही तुटलेली असू शकते. अशा वेळी दोघेही "दुसरा गेला, आता मीच मालक" असे समजून एकाच वहीत लिहू लागले तर वहीचे वाटोळे. म्हणून तिथे पंचायत असते. प्रत्येकाला मत असते. बहुमत ज्या बाजूला, तिनेच वहीला हात लावायचा. दुसऱ्या बाजूने मुकाट्याने बाजूला व्हायचे; ती होत नसेल तर तिचा वहीपर्यंतचा रस्ताच तोडायचा. भाऊबंदकीत हा नियम असता तर चांदा जिल्ह्यातल्या कितीतरी मालगुजारांच्या इस्टेटी वकिलांच्या घशात गेल्या नसत्या!

राहता राहिला बिचारा गिऱ्हाईक. तो मेलेल्याच्या दारात उभा असतो. आत कोणी नाही हे त्याला कळायचे कसे? दार वाजवून तो वाट पाहतो, पुन्हा वाजवतो, आणि यात मिनिटेच्या मिनिटे जातात. यावर ओरॅकल या नावाजलेल्या डेटाबेसवाल्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. यंत्र मेले की त्याच्या घराचा पत्ता दुसरे यंत्र आपल्या अंगावर घेते. तिथे कारभार थाटण्यासाठी नव्हे. "इथं आता कोणी नाही, पुढच्या दारी जा," एवढे ताबडतोब सांगण्यासाठी. तेवढ्याने गिऱ्हाइकाचा खोळंबा वाचतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांतून रजेवर गेलेल्या साहेबाच्या दारावर असा एक माणूस बसवता आला तर किती बरे होईल!

पुढच्या दारी गेल्यावर काय होते, तेही ऐकण्यासारखे आहे. तुम्ही नुसती माहिती वाचत होता, शंभरातल्या चाळीस ओळी वाचून झाल्या होत्या, तर नवे यंत्र ती यादी पुन्हा काढते, पहिल्या चाळीस ओळी गिळून टाकते आणि एकेचाळिसावी तुमच्या पुढ्यात ठेवते. तुम्हाला वाटते, काही झालेच नाही. इथवर बदलीवाल्याची कमाल आहे. पण तुम्ही लिहीत होता, पैसे काढत होता, तर मात्र पुष्कळ वर्षे त्याला एवढेच म्हणता येत असे की, "मघाचं अर्धवट काम मी मोडीत काढलंय. पुन्हा सुरुवात करा." आणि 'झाले की नाही' हा निरोप येता येताच जर वाट तुटली असेल, तर त्याला तेवढेही धड सांगता येत नसे.

आता माझ्या अनुभवातली गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी मी आलापल्लीच्या पलीकडच्या एका लहानशा शाखेत होतो. बँकेचे नाव सांगण्यात हशील नाही. छपरावर एक मोठी तबकडी होती, आणि तिच्यामार्फत आमची वही मुंबईकडे लिहिली जात होती. त्या मुलखात जोडणीला किती किंमत, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. माझ्या तिथल्या दिवसांत दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटायचा. नाले फुगले की गावेच्या गावे आपापल्या जागी अडकून पडायची.

जूनचा पहिला आठवडा होता. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम होऊन गेला होता, आणि त्याची मजुरी खात्यांवर जमा होऊ लागली होती. एक वयस्क माडिया बाई सकाळपासून चालत आली होती. तीन हजार रुपये काढायचे होते. धानाचे बियाणे घ्यायचे होते. तिला मराठी जुजबी येत होते. आमचे शिपाई मध्ये बोलत होते. तिने अंगठा दिला, मी रक्कम घातली, कळ दाबली, आणि पडदा थिजला.

मिनिटाभराने पडदा पुन्हा उजळला. अगदी स्वच्छ, हसतमुख. माझे नाव आणि परवलीचा शब्द विचारू लागला. पलीकडे एक यंत्र पडले होते आणि दुसऱ्याने जागा घेतली होती, हे मागाहून कळले. बदली माणूस तत्परतेने हजर झाला होता. पण समोर बसलेल्या बाईची त्याला दादच नव्हती. मी तिचे खाते उघडून पाहिले. रक्कम जशीच्या तशी होती.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न कुठे राहिला? पुन्हा नोंद करायची आणि पैसे द्यायचे. पण नोंद दिसत नाही याचे अर्थ दोन होतात. एक, ती मेली. दुसरा, ती अजून वाटेत कुठेतरी रांगेत आहे आणि मागाहून येऊन बसणार आहे. दुसरे खरे असेल तर बाईच्या खात्यातून तीन हजार दोनदा जातील. ती कुठे ते शोधत बसणार? तिला वाचता येत नव्हते, आणि पुढचे चार महिने नदी तिला आमच्यापर्यंत येऊ देणार नव्हती. आम्हाला सक्त ताकीद होती की अशा वेळी वरून निर्वाळा आल्याशिवाय दुसरी नोंद करायची नाही. मी मुंबईला फोन लावू लागलो. लागे, तुटे, पुन्हा लावावा लागे.

बाहेर आभाळ भरून येत होते. बाईने शिपायामार्फत मला विचारले, "माझे पैसे इथं आहेत की तिथं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पाणी दिले, शिपायाने आपल्या डब्यातली भाकरी दिली. दोन तास गेले. तिने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. आवाज चढवला नाही, रागावली नाही. तिला यंत्राविषयी तक्रार करायची नव्हती. सबंध उन्हाळ्यात कमावलेले तिचे पैसे या घटकेला नक्की कुठे आहेत, एवढेच तिला हवे होते.

अखेर सव्वातीनला निर्वाळा आला: ती नोंद मेली आहे, आता ती कधीही येणार नाही. मी नव्याने नोंद केली, पैसे दिले. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि विचारले, "उद्या आणखी कापणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही." हा एक शब्द खात्रीने म्हणता यावा म्हणूनच तर आम्ही साऱ्यांनी तेवढे तास काढले होते. शिपायाने तिला गावाकडे जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर बसवून दिले. पाऊस त्या रात्री आला. ती त्याआधी घरी पोहोचल्याचे दुसऱ्या दिवशी कळले.

ही हकिकत मी दिवाळीत चिरंजीवांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, त्या बाईनं विचारलेला प्रश्न आमच्या सगळ्या विद्येच्या मुळाशी आहे."

त्यांनी सांगितले ते असे. २०१३ साली ओरॅकलने आपल्या नव्या आवृत्तीत यावर उपाय आणला. प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा. मध्येच वाट तुटली तर नव्या यंत्राला पुसायचे, "अमुक क्रमांकाचे काय झाले?" ते "झाले" म्हणेल किंवा "नाही" म्हणेल. आणि खरी खुबी अशी, की एकदा "नाही" म्हटल्यावर तो क्रमांक तिथेच बाद होतो. रेंगाळत, उशिरा येऊन तो दाराशी उभा राहिला तरी त्याला आत घेत नाहीत. म्हणजे मला सव्वातीनला मिळालेला निर्वाळा त्याच क्षणी मिळतो. त्याच्यावर आणखी एक मजला चढवला आहे. व्यवहार झालेला नसेल तर यंत्र मघाचे सगळे संभाषण आपण होऊन पुन्हा म्हणून पाहते. पहिल्या वेळी गिऱ्हाइकाला जी उत्तरे मिळाली तीच पुन्हा मिळाली तर काम पुढे नेते. एक जरी निराळे निघाले तर हात वर करते. खोटा गुळमुळीतपणा नाही.

आमच्या सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "पण पुन्हा म्हणायचं म्हणजे सगळंच पुन्हा ना रे? मधे कोणाला निरोप धाडला असेल तर तोही दोनदा जायचा!"

चिरंजीव आ वासून पाहतच राहिले. ही उणीव खरी आहे म्हणे. वहीतले खोडता येते, पण एकदा बाहेर गेलेला निरोप परत बोलावता येत नाही. म्हणून अशा गोष्टी व्यवहार पक्का झाल्यावरच करायच्या असतात. "एवढं कळायला कॉम्प्युटर कशाला हवा?" सौ. म्हणाल्या, "मी पाहुण्यांना जेवायला बोलावते ते गॅसचा सिलिंडर आल्यावर. नंबर लावल्यावर नव्हे."

या शास्त्राला एवढी मजल मारता आली, तरी पैसे अधांतरी राहण्याचे प्रसंग संपलेले नाहीत, आणि ते संपणार नाहीत हे रिझर्व्ह बँकेलाही ठाऊक आहे. तिने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी मुदतीच घालून दिल्या. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा झाले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाने मागण्याची वाट न पाहता. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मिठाईच्या दुकानात मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिले तर लगेच दुसऱ्यांदा कळ दाबू नका. आधी खाते पाहा, व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा. मनिऑर्डरच्या पावतीवरचा नंबर आपले वाडवडील पोच येईपर्यंत पाकिटात जपून ठेवत, ते काही उगीच नव्हे.

मला मात्र या सगळ्यातून यंत्रांपेक्षा माणसेच अधिक आठवतात. आमच्या जंगलाच्या जिल्ह्यांत साहेब फार बदलतात. एक जातो, दुसरा येतो, खुर्ची एक दिवसही रिकामी राहत नाही. त्या अर्थाने कारभार अखंड चालू असतो. पण गावचा माणूस आपला अर्ज घेऊन आला की नवा साहेब म्हणतो, "हे माझ्या वेळचं नाही. पुन्हा अर्ज करा." तो माणूस पुन्हा पहिल्यापासून आपला खोकला सांगू लागतो. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले ते २०११ साली. एवढ्या काळात किती खुर्च्यांवर किती माणसे बदलली असतील! त्या गावाने आपले म्हणणे दर वेळी तितक्याच चिकाटीने मांडले म्हणून ते पुढे सरकले. ज्या गावांना ही चिकाटी साधत नाही, त्यांचे अर्धे राहिलेले वाक्य पुरे करण्याचे काम खुर्चीवर येणाऱ्याचे आहे.

बँकेत बदली झाली की आम्ही चार्ज देत असू. किल्ल्या, रोकड, स्टँप यांची यादी होई, दोघांच्या सह्या होत. आज मला वाटते, त्या यादीत आणखी एक रकाना हवा होता: कोणाचे काम अर्ध्यावर आहे आणि त्याला आपण काय शब्द दिला आहे. नवा माणूस हसतमुखाने खुर्चीवर बसला एवढ्याने भागत नाही. समोरच्याने विचारले तर त्याला "झाले आहे" किंवा "झालेले नाही" यांपैकी एक खात्रीने सांगता आले पाहिजे. चिरंजीवांची यंत्रे हे आता शिकली आहेत.